अंगभूत डेटा टाइपांची एकरूपता

पूर्णांक, स्ट्रिंग (मजकूर), लिस्ट (यादी) असे जे डेटा टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, प्रोग्रॅमिंग भाषा स्वतःच पुरवते, त्यांना आणि प्रोग्रॅमरने घडवलेल्या क्लासांना (नव्या प्रकारांच्या आराखड्यांना) एकच नियम लागू असावेत, या रचनातत्त्वाला अंगभूत डेटा टाइपांची एकरूपता म्हणतात. स्मॉलटॉक या भाषेत ते मुळापासून पाळलेले आहे. तिथे ३ हा आकडाही ऑब्जेक्टच, म्हणजे क्लासानुसार बनलेली वस्तूच, असतो आणि बेरीज हा त्याला पाठवलेला संदेश असतो.

जावा भाषेने वेगासाठी साधा पूर्णांक आणि ‘इंटिजर’ क्लास वेगळे ठेवले. २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून एकाचे दुसऱ्यात रूपांतर आपोआप होऊ लागले, तरी भेद मिटला नाही. नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे क्विंटलमागचे भाव ‘इंटिजर’मध्ये ठेवून दुहेरी बरोबर-चिन्हाने (==) ताडले, तर चाचणीसाठी घेतलेले १०० आणि १०० समान ठरतात, परंतु प्रत्यक्षातले १२५० आणि १२५० सहसा असमान ठरतात. कारण ते चिन्ह किंमत न पाहता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढेच पाहते, आणि सामायिक ऑब्जेक्टची हमी फक्त −१२८ ते १२७ या संख्यांपुरती असते. चाचणीत लपणारा दोष म्हणून हा अधिक घातक म्हणावा लागेल.

पायथन भाषेत आधी लिस्ट किंवा डिक्शनरी (खुणेनुसार मूल्ये साठवणारा टाइप) यांपासून नवा क्लास काढता येत नसे. डिसेंबर २००१ मधील २.२ आवृत्तीने टाइप आणि क्लास यांची सांगड घातली. ती पूर्ण मात्र नाही: डिक्शनरीपासून काढलेल्या क्लासात चौकटी कंसांनी मूल्य वाचण्याची रीत बदलली, तरी ‘गेट’ ही मूल्य वाचण्याची दुसरी पद्धत त्या बदलाची दखल घेत नाही.

स्ट्रिंगची विसंगती मराठी मजकुरात विशेष जाणवत असे. पायथन २ मध्ये बाइटांची (संगणकातील कच्च्या माहितीची) आणि युनिकोडची (निरनिराळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) स्ट्रिंग इंग्रजी अक्षरांपुरती बिनबोभाट जुळे. ‘नाशिक’ हा शब्द मात्र यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची रीत) बाइटांत १५, तर युनिकोडमध्ये ५ लांबीचा भरे, आणि दोन्ही रूपे जोडू गेल्यास सर्वसाधारणपणे त्रुटी येई. २००८ च्या पायथन ३ ने बाइट आणि मजकूर स्पष्टपणे वेगळे केले. तिथे ‘नाशिक’ची लांबी ५ आहे. काना आणि वेलांटी व्यंजनासोबतच मोजणाऱ्या स्विफ्ट भाषेत ती ३ भरते, म्हणजे शाळेतले मूल मोजेल तेवढीच.