जुनी गेम उघडताच बंद का पडते : तीन सिंहस्थांची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये जुन्या गोष्टीचं साल कुणी सरळ सांगत नाही. "मागच्या सिंहस्थाच्या आधी घेतलेली गाडी", "त्याच्या आधीच्या सिंहस्थात आपण सिडकोत राहायला आलो", असा हिशेब चालतो. बारा वर्षांची ही मोजपट्टी संगणकासाठी फारच लांब; तरी जुनी गेम उघडताच का बंद पडते हे शोधताना मला तिचाच उपयोग झाला. कारण या दुखण्यात पहिला प्रश्न "काय केलंस?" हा नसतो, "गेम कुठल्या सालची?" हा असतो.

निमित्त घरचंच. भाच्याला कपाटात माझी २००५ च्या आसपासची क्रिकेटची गेम सापडली. त्याच्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, म्हणून शेजारून बाहेरचा ड्राइव्ह मागून आणला. गेम नीट इन्स्टॉल झाली. पण आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की पडदा काळा, क्षणभर माऊसचं ते निळं गोल फिरतं आणि परत डेस्कटॉप. ना काही संदेश, ना आवाज. "मामा, सीडी खराब झालीये," त्याने निकाल देऊन टाकला. सीडी खराब असती तर इन्स्टॉल होतानाच रडली असती. गेममधला एक बाइटही बदललेला नव्हता. बदललं होतं ते तिच्या भोवतीचं सगळं.

१९९१ च्या सिंहस्थात नाशिकच्या घरांत संगणक जवळपास नव्हतेच. होते ते कारखान्यांच्या ऑफिसांत आणि थोड्याफार क्लासेसमध्ये, आणि त्यांवर डॉस, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची विंडोजच्या आधीची प्रणाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एमएस-डॉस ५ आलं होतं. त्या काळची गेम मधे कुणी दलाल न ठेवता थेट मशीनशी बोलायची: साउंड कार्ड अमुक पत्त्यावर असणार, मेमरी ६४० केबीच्या आत बसवायची, प्रोसेसर एवढ्याच वेगाने धावणार. वेगाचा अंदाज तर फार गमतीने चुकला. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम सुरू होतानाच एका भागाकाराने प्रोसेसरचा वेग मोजायचे. मशीन साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेली तेव्हा त्या भागाकाराचं उत्तर १६ बिटच्या खान्यात (बिट हे एका वेळी केवढा आकडा हाताळता येतो त्याचं माप) मावेना, आणि प्रोग्रॅम 'रनटाइम एरर २००' म्हणून तिथेच आडवा. त्या संदेशाचा अर्थ 'शून्याने भागाकार'. प्रत्यक्षात शून्य कुठेच नव्हतं, मशीन फार चांगली होती एवढाच तिचा गुन्हा.

या पिढीच्या गेमवर आज फार डोकं लढवू नये. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवलेली नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटशिवाय येतच नाही. डॉसबॉक्स हा २००२ पासूनचा फुकट प्रोग्रॅम जुनी मशीनच्या मशीन उभी करतो. गेम त्यात टाकावी आणि मोकळं व्हावं.

खरी गुंतागुंत पुढच्या पिढीची. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि पुढच्याच महिन्यात डायरेक्टएक्सची, म्हणजे गेमना चित्र-आवाज पुरवणाऱ्या विंडोजच्या भागाची, पहिली आवृत्ती. आता गेमने हार्डवेअरशी परस्पर बोलायचं नाही, विंडोजमार्फत बोलायचं. पण लोकांनी डॉसवरच राहू नये म्हणून मायक्रोसॉफ्टला जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवून दाखवणं भाग होतं, आणि त्यासाठी त्यांनी काय काय केलं याचा एक किस्सा संगणकवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो. सिमसिटी ही गेम वापरून झालेली मेमरी परत करायची आणि लगेच तीच पुन्हा वाचायची. पंचवटीतल्या वाड्यात खोली सोडून, किल्ली मालकाला देऊन, दुसऱ्या दिवशी फळीवरचा डबा काढायला परत आत शिरणाऱ्या भाडेकरूसारखं. डॉसमध्ये खोली रिकामीच पडून असायची, म्हणून चालून गेलं. विंडोज ९५ मध्ये तिथे लगेच दुसरा बिऱ्हाडकरू येई आणि गेम कोसळे. चूक गेमची; पण दुरुस्ती विंडोजमध्ये झाली. सिमसिटी चालू आहे का हे तपासून, असेल तर मेमरी लगेच रिकामी करायची नाही, अशी खास वागणूक विंडोजमध्येच लिहिली गेली.

आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' हा टॅब दिसतो, त्याचं मूळ याच वृत्तीत आहे. 'विंडोज ९८' किंवा 'एक्सपी' निवडलं म्हणजे जुनं विंडोज अवतरत नाही. विंडोज फक्त काही प्रश्नांना जुनी उत्तरं देतं आणि काही सवयी तात्पुरत्या परत घेतं. म्हणूनच हा उपाय कधी जादूसारखा लागू पडतो, कधी ढिम्म.

याच पिढीतला आणखी एक चकवा. गेम असते ३२ बिट, आजही चालू शकेल अशी, पण तिचं इन्स्टॉलर १६ बिट. त्यामुळे गेमपर्यंत पोहोचायच्या आधीच सेटअप नकार देतो आणि दोष गेमच्या नावावर जातो. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेल्या गेमचं दुखणं वेगळं: त्या कंपनीची मालमत्ता २००० च्या शेवटी एनव्हिडियाकडे गेली, कार्ड गेली, त्यांची ग्लाइड भाषा समजणारं कुणी उरलं नाही. डीजीव्हूडूसारखे दुभाषे आता ती बोली आजच्या कार्डाला समजावून सांगतात.

२००३ च्या सिंहस्थापर्यंत एक्सपी घरोघर शिरलं होतं आणि कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंत पोरांच्या रांगा लागत. तेव्हा गेम विकत घेण्यापेक्षा कॉपी करून आणली जायची, आणि तीही नुसता फोल्डर उचलून. विंडोजच्या रजिस्ट्रीत गेमने केलेल्या नोंदी मित्राच्या मशीनवरच राहत, आपल्याकडे गेम उघडून लगेच मिटे. सीडीवरचा डायरेक्टएक्सचा फोल्डर तर कुणी उघडतच नसे. त्याची किंमत आजही मोजावी लागते: नव्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी नवव्या आवृत्तीच्या काळातल्या काही मदतनीस फाइली त्यात नसतात. जून २०१० चं जुनं डायरेक्टएक्सचं पॅकेज टाकलं की अशा बऱ्याच गेम उठून बसतात. नेटवर्कवर खेळायच्या गेमना लागणारं डायरेक्टप्ले विंडोज ८ पासून आपोआप चालू नसतं. 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन खूण करावी लागते.

जागेच्या आकड्यांचा घोळ याच सुमाराचा. ३२ बिटच्या, अधिक-उणे चिन्हही धरणाऱ्या खान्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा बसत नाही, म्हणजे बाइट मोजले तर साधारण दोन जीबी. गोदावरीचा पूर मोजायची आमची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं की पुढे पूर कुठवर आला हे त्याच्यावरून सांगता येत नाही, तसं. फरक इतकाच की इथे आकडा उलटून उणे होतो, आणि शेकडो जीबी मोकळी असलेल्या डिस्कवर इन्स्टॉलर 'जागा अपुरी' म्हणतो.

२००७ च्या व्हिस्टाने प्रोग्रॅम फाइल्सच्या दाराशी पहारेकरी बसवला. त्याआधीच्या गेम आपल्याच फोल्डरात सेटिंग आणि सेव्ह लिहायच्या. आता तिथे लिहायला परवानगी लागते. गेम सरळ सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये टाकायचा सल्ला जाणकार देतात तो यासाठी.

आणि मग २०१५. विंडोज १० आलं ते २९ जुलैला. नाशिकचं पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला, दुसरं १३ सप्टेंबरला. या दोन स्नानांच्या मधे, ८ सप्टेंबरला, मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या सुरक्षा अपडेटने हजारो मैलांवर बसून कपाटातल्या असंख्य सीड्या निकामी केल्या. सेफडिस्क नावाचं कुलूप तेव्हाच्या बऱ्याच मूळ सीड्यांवर असे. सीडी खरी आहे की नक्कल, हे तपासायला ते विंडोजच्या थेट गाभ्यात एक ड्रायव्हर, म्हणजे आतून चालणारा छोटा प्रोग्रॅम, चालवायचं. त्या ड्रायव्हरमध्ये भगदाड सापडलं. त्यातून कुणीही मशीनचा पूर्ण ताबा घेऊ शकला असता. म्हणून व्हिस्टा, ७ आणि ८ वर तो बंद केला गेला, आणि विंडोज १० मध्ये तर तो ठेवलाच नव्हता. निर्णय बरोबरच होता. पण परिणाम असा, की पैसे मोजून घेतलेली मूळ सीडी उघडेना आणि कुलूप तोडलेली तीस-चाळीस रुपयांची नक्कल मात्र खुशाल चालू. माझी क्रिकेटची सीडी कुलूपवाली नव्हती. ती कुठून आणली होती ते भाच्याला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

कधी कधी विंडोज काहीच चुकत नाही, तरी वीस वर्षांची चूक वर येते. जीटीए सॅन अँड्रियासची पीसी आवृत्ती २००५ ची. तिच्या वाहनांच्या यादीत स्किमर या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचे राहिले होते. गेम त्या जागी आधीच्या वाहनाचे मेमरीत उरलेले आकडे वाचायची आणि सगळं सुरळीत वाटायचं. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आतली मांडणी जरा हलली, ते उष्टे आकडे पुसले जाऊ लागले, आणि विमान गेममधून गायब झालं. गेमचे दुरुस्ती-पॅच करणाऱ्या एका हौशी माणसाने हे खोदून काढलं.

तर भाच्याचा लॅपटॉप. कंपॅटिबिलिटी टॅब झाला, जूनचं पॅकेज झालं, ॲडमिन म्हणून चालवून झालं. शेवटी, खरं तर पहिल्यांदाच उघडायला हवं होतं ते इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. कुठल्या फाइलमध्ये प्रोग्रॅम पडला हे तिथे लिहिलेलं असतं. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव असतं तर चित्राकडे बघितलं असतं. इथे नाव होतं खुद्द गेमचं. मग लक्षात आलं की पहिल्यांदा उघडल्यावर ही गेम डॉक्युमेंट्समध्ये आपला फोल्डर बनवते, आणि तो बनलेलाच नव्हता.

लॅपटॉप नवा लावताना ताईने हौसेने खात्याचं नाव देवनागरीत टाकलं होतं. विंडोजने त्याच नावाचा फोल्डर बनवला. २००५ ची गेम युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सामाईक संकेतपद्धत, न जाणणारी. तिला अक्षरं वाचायला विंडोजची जुनी एका बाइटची कोष्टकं लागतात. रशियन, ग्रीक, अरबी, सगळ्यांची तशी कोष्टकं आहेत. देवनागरीचं विंडोजने कधी बनवलंच नाही. आपली लिपी तिथे आली ती थेट युनिकोडमधून. त्यामुळे भाच्याच्या नावाच्या जागी गेमला दिसत होती नुसती प्रश्नचिन्हं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालत नाही. फोल्डर बनेना, सेटिंगची फाइल मिळेना, आणि ती नसली तर काय करायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नव्हतं.

सेटिंगमधून खात्याचं नाव बदलून भागत नाही, फोल्डर जुनाच राहतो. रोमन अक्षरांतलं दुसरं खातं उघडलं. गेम लागली, नाणेफेक झाली, पण सगळं मुकं. व्हिस्टापासून साउंड कार्डाशी थेट बोलायची वाट विंडोजने बंद केलेली आहे. ऑडिओच्या पर्यायांतली हार्डवेअरची खूण काढली, तेव्हा कुठे समालोचक बोलायला लागले. तोवर भाच्याच्या तीन विकेट पडल्या होत्या.