तरंगत्या माशीचं साहित्य: तुडतुड्यापासून काटेसावरीपर्यंत

कपाशीवरचा तुडतुडा खानदेशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पानाखाली बसून रस शोषतो, पानांच्या कडा पिवळ्या-लाल पडून मुरडतात, आणि हात नेला की तिरका चालत निसटतो. याच कुळातल्या किड्यांवरून अमेरिकेत एक माशी, म्हणजे मासे पकडायचं नकली किड्याचं आमिष, बांधली गेली, आणि तिच्या पाठीवरचं पीस भारतातल्या पक्ष्याचं होतं.

गळाला पिसं आणि धागा बांधून माशाला कीटकाचा भास द्यायचा, ही विद्या जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास रोमन लेखक इलियनने मॅसेडोनियाच्या लोकांबद्दल लिहिलंय, की ते गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधतात. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचं, म्हणजे ड्राय फ्लायचं, शास्त्र नीट बसवलं ते इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्डने. त्याचं पुस्तक १८८६चं. कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गळाभोवती गोल गुंडाळलं की त्याचे तंतू पाण्याच्या पृष्ठभागावर टेकून माशीला तोलून धरतात. १८९०मध्ये त्याने काही माशा अमेरिकेत थिओडोर गॉर्डनला पाठवल्या. त्या संथ पाण्यासाठीच्या होत्या, गॉर्डनच्या नद्या खळाळत्या. त्याने बांधणी आपल्या पाण्याप्रमाणे बदलली.

पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर व्हिन्सेंट मरिनारोला मासे काहीतरी टिपताना दिसत, पण काय ते कळेना. निघाले बारीक तुडतुडे. खालून पाहणाऱ्या माशाला किड्याची जाडी कळत नाही, फक्त आडवी आकृती दिसते, हे त्याने हेरलं आणि १९५०च्या पुस्तकात मांडलं. गुंडाळलेलं पीस वर-खाली कातरायचं आणि त्यावर राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं मेणचट ठिपक्याचं पीस आडवं बसवायचं. हा पक्षी फक्त भारतात आहे, आपल्या सातपुड्यातही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याच्या शिकारीवर बंदी आहे. मला हे फार योग्य वाटतं. माशी बांधायला एवढा देखणा पक्षी मरायला नको. आता त्या पिसाऐवजी फोम किंवा प्लॅस्टिकचा तुकडा लावतात.

इकडे आम्ही अशा माशीसाठी काटेसावरीचा कापूस वापरून बघतोय. चैत्र-वैशाखात बोंडं फुटतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी तो वाऱ्यावर उडत असतो. त्याचा तंतू आतून पोकळ असतो आणि वर मेणाचा पातळ थर, म्हणून तो पाणी पीत नाही. अडचण एकच: तंतू आखूड आणि गुळगुळीत, धाग्यावर पिळला तरी सुटतो. धाग्याला मेण चोळून, चिमटीत मावेल त्याहून कमी कापूस घेतला तर बसतो. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे तंतू थोडे मिसळले की आणखी घट्ट. तेही पाण्याहून हलकेच. पाठीवर चपलेच्या ईव्हीए फोमची पातळ चकती, फिक्या हिरव्या रंगाची. गिरणेच्या संथ डोहात हा नकली तुडतुडा आता बराच वेळ वर राहतो, फक्त डोक्याकडून किंचित झुकतो.