कोयनेल : कुंपणाला लावा, पण फुलूही द्या

आमच्या रोपवाटिकेत कोयनेल न्यायला येणारे बहुतेक जण “कुंपणाचं झाड द्या” असंच म्हणतात. शाळांच्या, सोसायट्यांच्या कडेची ती कातरलेली हिरवी भिंत सगळ्यांनी पाहिलेली असते, तिचं फूल मात्र फार थोड्यांनी. म्हणून रोपांसोबत हा कागद देत आहोत.

कोयनेल, म्हणजेच वनजाई, मूळची खाडीकाठची. कांदळवनाच्या जमिनीकडच्या अंगाला ती आपसूक रुजते. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर ती आहे. त्यामुळे खारा वारा आणि रेताड जमीन तिला सोसते. शास्त्रीय नाव व्होल्कामेरिया इनर्मिस. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याची. जुन्या पुस्तकांत क्लेरोडेंड्रम इनर्मे असं लिहिलेलं सापडेल, झाड तेच. कूळ तुळशीचं, पण पान चुरगळलं तर वास उग्र आणि चव कडू, म्हणून शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

आता फूल. पानाच्या बगलेतून बहुधा तीन-तीन फुलांचा झुबका येतो. पांढरीशुभ्र, दोन-तीन सेंटीमीटर लांब नळी, तिच्या टोकाला पाच पाकळ्या आणि त्यांतून मिशांसारखे बाहेर आलेले चार जांभळट पुंकेसर. झुबका जरा जवळून बघा. नुकत्या उमललेल्या फुलात पुंकेसर ताठ पुढे आणि स्त्रीकेसर खाली वाकलेला असतो. पुढे पुंकेसर गुंडाळून मागे जातात आणि त्यांच्या जागी स्त्रीकेसर वर येतो. फुलाचे स्वतःचेच पराग त्याच्यावर पडू नयेत, म्हणून ही पाळी. फळ वाळलं की चार भागांत फुटतं, ते भाग पाण्यावर तरंगत दुसऱ्या काठाला लागतात.

रोपं पावसाळ्याच्या सुरुवातीला, फूटभर अंतरावर, उन्हाच्या जागी लावा. पहिल्या वर्षी शेंडे खुडत राहा, म्हणजे कुंपण बुडापासून दाट होईल. सारखी कात्री चालवलीत तर कळ्यांचे शेंडेच जातात. रस्त्याकडची बाजू खुशाल कातरा, घराकडची मोकळी सोडा. कुंपण वाढवायचं असेल तर नवी रोपं विकत घ्यायची गरज नाही. पावसाळ्यात वीतभर लांबीचे जून छाट मातीत खोचा, मुळं धरतात.

घरगुती औषध म्हणून कुणी पाल्याचा रस प्यायला सांगितला, तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.