शिक्षक-स्वास्थ्य : बेळगाव सीमाभागातील मराठी शाळा

कामाचे स्वरूप आणि सेवाशर्ती बदलत असताना शिक्षकाचे शारीरिक व मानसिक आरोग्य, कामातील समाधान आणि अध्यापनासाठी लागणारी मोकळीक कितपत टिकते, याचा विचार शिक्षक-स्वास्थ्य या संकल्पनेत होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या परिसरात त्याला भाषेची वेगळी बाजू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा चालू राहिल्या, मात्र त्यांचा कारभार कन्नडमध्ये गेला. वर्गात मराठीतून शिकवणाऱ्या शिक्षकाला परिपत्रके, अहवाल आणि प्रशिक्षणे मुख्यतः कन्नडमधून हाताळावी लागतात. हा जादा भार कामाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

सर्वांत मोठी चिंता पटसंख्येची असते. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर साठपर्यंत विद्यार्थ्यांसाठी दोन शिक्षक मिळतात. पाच इयत्ता सांभाळणाऱ्या अशा शाळेतील एक शिक्षक बैठकीला वा रजेवर गेला, की त्या दिवशी शाळा एकशिक्षकी होते. खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीत, जिथे गावे लहान आणि पाऊस प्रचंड, तिथे हे विशेष जाणवते. इंग्रजी माध्यमाकडे मुले वळली की पट घटतो, पट घटला की अतिरिक्त ठरून बदली होण्याची टांगती तलवार येते. म्हणून उन्हाळ्यात प्रवेशासाठी घरोघर फिरणे हेही अलिखित कर्तव्य बनले आहे.

मध्यान्ह आहार, दूध, अंडी-केळी यांच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती भरणे यांत मुख्याध्यापकाचा बराच वेळ जातो. शिक्षणहक्क कायद्याच्याच कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. तरीही २०२५ च्या राज्यव्यापी सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणात शिक्षकच गणक होते आणि ते काम पुरे करण्यासाठी सरकारी व अनुदानित शाळांची दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली. सुटी मुलांना मिळाली, शिक्षकांना नव्हे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. त्यामुळे अनेक वर्षे शिकवत आलेल्यांनाही पुन्हा परीक्षार्थी व्हावे लागले.

रिक्त जागी नेमलेल्या अतिथी शिक्षकांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते, मानधन नियमित वेतनाच्या तुलनेत अल्प असते आणि पुढील जूनमध्ये तीच शाळा मिळेल याची हमी नसते. कायम शिक्षकांच्या बदल्या व निवृत्तिवेतनाचे प्रश्न त्यांच्या संघटना मांडतात. अतिथी शिक्षकाला मात्र वर्ग तितकाच सांभाळूनही शाळेच्या कारभारात फारसा आवाज नसतो.