रोंशाँचं चॅपल (नोत्र दाम द्यू ओ)

पूर्व फ्रान्समध्ये रोंशाँ नावाचं छोटं गाव आहे, एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगणारं, आणि गावाला लागून असलेल्या बुर्लेमाँ टेकडीवर मेरीमातेचं हे चॅपल, म्हणजे छोटं चर्च, उभं आहे. टेकडीवर शेकडो वर्षांपासून यात्रा भरते. १९१३ मध्ये वीज पडून जुनी इमारत जळाली, लोकांनी परत बांधली, आणि १९४४ मध्ये जर्मनांना टेकडीवरून हटवताना झालेल्या तोफांच्या माऱ्यात तीही पडली.

युद्धानंतर काम ल कॉर्बुझिएकडे गेलं, तोच आपल्या चंदीगडचा आर्किटेक्ट. तो काही धार्मिक माणूस नव्हता, आधी नाहीच म्हणाला, पण चर्चमध्ये आधुनिक कला आणू पाहणाऱ्या फादर कुतुरिए वगैरे मंडळींनी मनधरणी केली आणि १९५० मध्ये टेकडीवर जाऊन जागा बघितल्यावर तो तयार झाला. २५ जून १९५५ ला उद्घाटन झालं, म्हणजे इकडे चंदीगड आणि तिकडे रोंशाँ अशी दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती.

मला सगळ्यात जास्त भावतं ते हे, की पडलेल्या चॅपलचे दगड फेकून दिले नाहीत. वर दगड चढवणं अवघडच होतं, त्यामुळे जुनेच दगड नव्या भिंतींत भरले आणि वरून जाडसर खरबरीत पांढरा गिलावा केला, म्हणजे बाहेरून एकदम कोरी दिसणारी भिंत आतून युद्धात पडलेल्या दगडांचीच आहे. उरलेल्या दगडांचा आवारात पायऱ्यांचा पिरॅमिड रचलाय, टेकडीसाठी लढताना मेलेल्या फ्रेंच सैनिकांची आठवण म्हणून.

छप्पर खेकड्याच्या कवचावरून सुचलं, ते कवच कॉर्बुझिएला अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर सापडलं होतं. काँक्रीटचे दोन पातळ पापुद्रे, प्रत्येक जेमतेम ६ सेंटीमीटरचा, मधे दोन मीटरहून जास्त पोकळी. एवढं अवजड दिसणारं छप्पर भिंतीला टेकतच नाही, भिंतीत लपवलेल्या खांबांवर उभंय, आणि मधल्या साधारण १० सेंटीमीटरच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येते, त्यामुळे आत बसलेल्याला छप्पर तरंगतंय असंच वाटतं. पावसाचं पाणी मागच्या बाजूच्या एका पन्हाळीतून खालच्या हौदात पडतं.

दक्षिणेची भिंत मात्र दगडाची नाही, काँक्रीटचा सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा फवारा. तिच्यात लहानमोठ्या खिडक्या वेड्यावाकड्या पेरल्यात, आत रुंद होत जाणाऱ्या, काही काचांवर कॉर्बुझिएने स्वतः रंगवलेलं. जमीन सपाट केली नाही, टेकडीच्या उतारासारखीच ती वेदीकडे खाली जाते.

आत दोनेकशे माणसं मावतात, पण यात्रेला हजारो येतात, म्हणून पूर्वेला बाहेरही वेदी आहे. युद्धातून वाचलेली मेरीमातेची जुनी लाकडी मूर्ती पूर्वेच्या भिंतीत काचेच्या पेटीत ठेवलीये आणि ती फिरवता येते, एरवी तोंड आत, ८ सप्टेंबरच्या यात्रेला बाहेर, लोकांकडे.

२०१६ मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिएच्या १७ कामांना एकत्र जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे चॅपल आणि चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स (विधानसभा, हायकोर्ट वगैरे सरकारी इमारतींचा परिसर) दोन्ही आहेत. त्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी २०१४ मध्ये, चोर आत घुसले आणि त्यांनी कॉर्बुझिएची सही असलेली काच फोडली, हे वाचून अजूनही जीव हळहळतो.