मासिक वाचन-आव्हान

महिन्याला एक विषय ठरवून त्यावरची पुस्तके वाचण्याचा, साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीचा उपक्रम. बोलण्यात ‘वाचन चॅलेंज’ हेच नाव चालते. या वयाच्या पुस्तकांना अमेरिकी प्रकाशनव्यवहारात ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. मराठीत तसा वेगळा कप्पा नाही. ‘बालसाहित्य’ अलीकडे राहते, ‘कुमारसाहित्य’ पलीकडे जाते. ग्रामीण विदर्भात ‘तिसरी ते सातवीची पुस्तके’ ही शाळकरी वाटणीच सोयीची पडते.

उगमाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी साधारण १८९० च्या दशकात सुट्टीतल्या मुलांसाठी वाचनमंडळे काढली, तिथे याचे मूळ शोधणारा एक पक्ष आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ग्रंथालयांतून चालणारे, दरवर्षी नवा विषय घेणारे ‘समर रीडिंग चॅलेंज’ त्याच वळणाचे. दुसऱ्या पक्षाच्या मते ‘एक महिना, एक विषय’ हा साचा इंटरनेटवरील वाचकगटांत पक्का झाला. तिसरा विचार चातुर्मासातील पोथीवाचनाकडे आणि तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’च्या पारायणाकडे वळतो. ठरलेला काळ आणि रोजचा ठरलेला भाग हे साम्य खरेच. पण पारायणात तोच ग्रंथ पुन्हा वाचण्याला मोल आहे, आव्हानात न वाचलेल्या पुस्तकाला. ४१ अध्यायांची ग्रामगीता दहादा वाचणाऱ्याच्या नावापुढे, वाचलेली पुस्तके मोजण्याच्या तक्त्यावर, एकच खूण पडेल. तेव्हा उगम ग्रंथालयांचा, आणि खेड्यातल्या पालकांना ही कल्पना परकी न वाटण्याचे कारण मात्र पारायण, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

महिन्याची निवड ही विदर्भातली खरी अडचण. उन्हामुळे येथील शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. शाळेचे कपाट बंद म्हणजे पुस्तकेही बंद. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ असल्याने ऑक्टोबर कागदावर शोभतो. मात्र तेव्हा सोयाबीनची सोंगणी नुकती उरकत असते, कापसाचा पहिला वेचा तोंडावर येतो आणि वरच्या वर्गांचे बाक रिकामे होऊ लागतात. बैल, माती, पाऊस हा विषय पोळ्याला धरून घ्यावा, तर पोळा इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही : २०२३ मध्ये तो १४ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. तोच दिवस सांगतेला धरल्यास मुले आयतीच जमलेली असतात. अमावास्या ते अमावास्या असा महिना मोजणे म्हणूनच जास्त व्यवहार्य.

मोजणीतही घोळ आहे. चोवीस पानांची चित्रपुस्तिका आणि दीडशे पानांची कादंबरी दोन्ही ‘एक’ धरल्या, की मुले पातळ पुस्तकांवर तुटून पडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पानांवर मोजणे न्याय्य. हिशेब ठेवणाऱ्या शिक्षकाला ते जड जाते. ‘बालभारती’कडून १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचा अंक पुस्तक धरावा की नाही, यावरही दुमत होते. धरावा, कारण गावात तोच हाती लागण्याची शक्यता जास्त. जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना मराठी पुस्तक म्हणजे आधीच दुसऱ्या भाषेतले वाचन. त्या भाषांत या वयाची छापील पुस्तके थोडी. आजीने सांगितलेली गोष्ट वहीत उतरवून आणली, तर ती एक पुस्तक धरता येते.