‘केराबाई’, ‘नकुशा’ आणि ‘शनाया’ : मुलींच्या वेगळ्या नावांची पार्श्वभूमी

मुलीसाठी नाव शोधताना आज पालकांच्या दोन अपेक्षा असतात. ते सहसा कानावर न पडलेले असावे आणि त्याचा अर्थ चांगला असावा. यांतली अर्थाची अपेक्षा फार जुनी आहे. नाव दुसऱ्या कोणाचेही नसावे हा आग्रह मात्र गेल्या तीन-चार दशकांत बळावला. त्याआधी आजीचे, कुलदैवताचे किंवा नदीचे नाव पुन्हा पुन्हा ठेवण्यात कोणालाच उणेपणा वाटत नव्हता.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मंगल आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी आणि सर्प यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असा निर्बंध येतो. तो पाळला गेला असता तर रोहिणी, रेवती, गोदावरी, यमुना आणि मैना ही नावे मराठी घरांत उरलीच नसती, आणि प्रत्यक्षात तर हीच पिढ्यानपिढ्या चालत आली. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेण्यात राणीचे नाव ‘नायनिका’ असे कोरलेले आहे. हे ‘नागनिका’चे प्राकृत रूप, म्हणजे नागावरूनच आलेले. आज हे नाव पुन्हा आवडीने ठेवले जाते तेव्हा त्याचा संबंध डोळ्यांशी जोडला जातो, तो मूळचा नाही.

पुढच्या काळात मुलीचे जन्मनाव बहुधा लग्नापर्यंतच टिकत असे. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताम्हनात तांदूळ पसरून नवरदेव त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहीत असे. १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रीचे माहेरचे नाव यमुना होते. इतिहासात राहिले ते सासरचे, आनंदीबाई जोशी. जुन्या घराण्यांच्या वंशावळींत कितीतरी स्त्रियांची मूळ नावे सापडत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

वेगळ्या नावांच्या चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ आहे तो ओंगळ किंवा तुच्छ वाटणाऱ्या नावांविषयी. दगडू, धोंडू, कचरू, भिकू, केराबाई, दगडाबाई ही नावे आणि ‘नकुशा’ हे नाव एकाच रांगेत बसवून ‘अडाणी समजुतीची नावे’ असा शिक्का मारला जातो. हे वर्गीकरण चुकीचे आहे. आधीची अपत्ये दगावलेली असली की नव्या बाळाला नजर लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, म्हणून त्याला केराचे, दगडाचे नाव देत. केराबाई हे नाव ठेवणाऱ्या आईला ती मुलगी जगायला हवी होती. ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, हे नाव दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या मुलीला दिले जाई ते पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून. पहिल्या प्रकारात नाव खोटे बोलून बाळाचे रक्षण करते आणि दुसऱ्यात ते खरे बोलते. नकुशा ठेवण्याची ही प्रथा केवळ महाराष्ट्रातली नाही. राजस्थानातले ‘धापू’ (आता पुरे), हरियाणातले ‘भतेरी’ (पुष्कळ झाल्या), तमिळनाडूतले ‘वेंडाम’ (नको) आणि धाकटा भाऊ आणणारी अशा अर्थाचे चिनी ‘झावदी’ ही सगळी याच घरातली नावे आहेत.

सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ नाव असलेल्या २८५ मुलींची नावे एका जाहीर कार्यक्रमात बदलण्यात आली. नव्या नावाची प्रमाणपत्रे आणि फुलांचे छोटे गुच्छ घेऊन मुली रांगेत उभ्या होत्या. काहींनी चित्रतारकांची नावे निवडली होती, काहींनी सावित्री किंवा वैशाली यांसारखी परिचित नावे. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी हा आकडा ९१३ होता. नामांतराला घाई होती ती या घसरणीमुळे.

या निर्णयावर दोन गंभीर आक्षेप घेता येतात. जे नाव गावापुरते, शाळेच्या पटापुरते होते ते समारंभामुळे देशभर गेले, आणि या मुली घराला नको होत्या ही गोष्ट त्यांच्या छायाचित्रांसह छापली गेली. शिवाय नाव बदलले तरी ते ठेवणाऱ्या घराची अपेक्षा बदलत नाही. गर्भलिंगनिदान करणाऱ्या यंत्राला नावाशी काही देणेघेणे नसते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही शाळेत रोज हजेरीच्या वेळी ‘नकोशी’ ही हाक ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले तर नामांतर योग्यच होते, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. उणीव राहिली ती प्रौढ स्त्रियांची. शाळकरी मुलीची नोंद शाळेच्या दप्तरात दुरुस्त होते. लग्न झालेल्या, शिधापत्रिका, सातबारा आणि मतदार यादीत याच नावाने असलेल्या स्त्रीला राजपत्रात नामबदल प्रसिद्ध करून प्रत्येक कागद वेगळा बदलून घ्यावा लागतो.

त्यानंतरच्या काळात वेगळेपणाची चढाओढ आवाजाकडे वळली. इरा, उर्वी, क्षिती, मही, अवनी ही सगळी छोटी नावे संस्कृतातली आहेत आणि सगळ्यांचा अर्थ पृथ्वी असाही होतो. त्विषा म्हणजे तेज, ऋजुता म्हणजे सरळपणा. दुसरीकडे कियारा, मायरा, शनाया यांची लाट आली. कियारा हे इटालियन भाषेत ‘उजळ’ या अर्थाच्या नावाशी जुळते, तर त्याच्याशी मिळत्याजुळत्या आयरिश नावाचा अर्थ ‘काळी’ असा आहे. मायरा एका इंग्रज कवीने आपल्या कवितेसाठी घडवले. शनायाला ‘सूर्याचा पहिला किरण’ हा अर्थ सर्रास दिला जातो, त्याला संस्कृतात आधार नाही. घडवलेले नाव ठेवण्यात काहीही गैर नाही. मात्र त्याला खोटी व्युत्पत्ती चिकटवून ती मुलीला आयुष्यभर सांगायला लावणे अन्यायाचे आहे.

कायद्याने नाव ठरवायला पुरेसा वेळ दिला आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते आणि बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांत त्याच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवण्यात आला आहे. ज्या स्त्रियांच्या कागदांवर ‘नकुशा’ अजून कायम आहे, त्यांच्या मुलांच्या पूर्ण नावात आता तेही लिहिले जाईल. म्हणून या स्त्रियांसाठी सर्व कागदपत्रांतला नामबदल एकाच अर्जावर आणि विनाशुल्क करून देण्याची सोय प्रसूतीपूर्व नोंदणीच्या वेळीच उपलब्ध असायला हवी.